पेटी क्रमांक एकोणीस

नकाशा टेबलावर मावत नाही.
शाळेच्या जिममध्ये जमिनीवर अंथरतो
आणि चार कोपऱ्यांवर चार बूट ठेवतो, तरी कडा उडतात.
एवढा आमचा मतदारसंघ.
माणसं म्हणाल तर दक्षिणेतल्या एखाद्या स्टेडियमच्या
एकाच बाजूला बसतील सगळी,
आणि वरच्या रांगा रिकाम्या राहतील.

मी रोडा तुलुगाक. सहा निवडणुका या पेटीमागे बसलेय.
तारखा कागदांत आहेत.
मला त्या अशा आठवतात:

ज्या वर्षी पेटी आलीच नाही.
आईच्या गळ्यात तेव्हा चकती असे, तीवर नंबर,
सरकारच्या जिभेवर तिचं नाव बसत नव्हतं म्हणून.
रेडिओवर कळलं, आमचा खासदार निवडून आलाय,
कातडी विकत घेणारा कुणी गृहस्थ.
बापाने विचारलं, याला निवडला कोणी?
कोल्ह्यांनी असेल, आई म्हणाली.

ज्या वर्षी कॅरिबू पलीकडच्या काठाने गेले
त्या वर्षी आली. वारा इतका, की विमान उतरलंच नाही,
पेटी वरून टाकली.
तळ्यावर घसरत घसरत थेट कुत्र्यांच्या पुढ्यात.
छत्तीस मतं पडली. बाप चढवायचे ते कपडे चढवून
पेटीला सील करायला बसला,
लाख कमी पडली तेव्हा तिच्यात चरबी मिसळली.
रात्री कुत्र्यांनी सगळं चाटून साफ केलं.

सहा महिन्यांनी पत्र:
सील आढळले नाही. मते बाद.
‘बाद’ म्हणजे काय, हे सांगताना दुभाष्याला घाम फुटला.
शेवटी म्हणाला, मांस चांगलं आहे,
पण फेकायचं.
बापाने ते पत्र जपून ठेवलं.
का, ते कधी बोलला नाही.

मग ती निवडणूक, जिच्यात बर्फ उशिरा धरला
आणि नर्स लेव्हिना ओकालिक
आणि तो खाणीवाला दुमारेस्क
सारख्याच मतांवर येऊन थांबले.
माझ्या भाचीच्या हातमोज्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या.
लेव्हिना हरली.
दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी आली, मुलांना लस टोचून गेली.
हातमोजा भाचीने पुन्हा घातला नाही,
अजून खिळ्याला लटकतोय.

मध्ये दोनदा नाव बदललं, तीनदा हद्द.
शेवटची रेघ आमच्या तळ्यातून गेली.
ती ओढणाऱ्याची पेन्सिल कागदावर अडखळली नसणार.
इथे त्या रेघेवर माझ्या आत्याची मासे पकडायची भोकं आहेत,
तीन या मतदारसंघात,
दोन त्या.

आज यादीत अकरा नावं. दहांवर खूण झाली.
अकरावा माझा भाऊ मार्कुसी,
परवापासून बर्फाच्या कडेला सीलच्या मागे.
सात वाजता दार लावायचं.
पूर्वेकडे मोजणी सुरू झालीय, रेडिओ म्हणतो
सरकार ठरलंसुद्धा.
मी रेडिओ बंद करत नाही. चहाचं आधण ठेवते.

सातला बारा कमी असताना स्नोमोबिलचा आवाज.
भुवयांवर बर्फ, तोंडातून शब्द नाही.
रेडिओकडे बघतो, माझ्याकडे बघतो.
मी कागद पुढे करते. पेन्सिल करते,
इथे पेन्सिलच, शाई गोठते.
त्याची बोटं मिटत नाहीत.
मला त्याचा हात धरता येत नाही,
एरवी धरला असता, आज मी अधिकारी आहे.
तो कपाभोवती बोटं गुंडाळून बसतो.
आम्ही दोघं घड्याळाकडे बघत नाही, म्हणजे बघतोच.

मग पुठ्ठ्याच्या आडोशामागे जातो.
मी नियमाप्रमाणे भिंतीकडे तोंड करते.
भिंतीवर मुलांनी काढलेला देवमासा, एक डोळा राहिलेला.
पेन्सिल खरखरते.
थांबते.
पुन्हा खरखरते.
एका फुलीला इतका वेळ लागत नाही.
गिरवतोय बहुतेक.